पलंगापासून खुर्चीपर्यंत

मागच्या अंकात एक साधी विचारणा केली होती: घरातल्या घरात माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना तुमचं नेमकं कुठे अडतं? त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर किंवा दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. हे काम २२ वर्षं करते आहे. त्यातली ६ वर्षं माझी आईच माझी पेशंट होती, त्यामुळे काही उत्तरं पुस्तकातून आली आहेत आणि काही तिच्या पलंगाशेजारी उभं राहून.

ताई, वडिलांना पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बसता येतं, डाव्या पायावर थोडा भारही घेतात. वजन ७४ किलो. दिवसातून पाच-सहा वेळा मी त्यांना काखेत हात घालून उचलते आणि व्हीलचेअरवर ठेवते. त्यांचा उजवा खांदा फार दुखतो, माझी कंबर धरली आहे. उचलायला सोपं जाईल असा कोणता पट्टा घेऊ? — एक मुलगी

पट्ट्याचं सांगते, पण त्याआधी काखेतले हात काढा. आजच काढा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकायला लागतं. अशा खांद्याला काखेतून वर ओढलं की आतल्या ऊती ताणल्या जातात. माझ्या आईच्या बाबतीत हे माझ्याच हातून झालं. मला सगळं माहीत होतं, दुसऱ्यांना मी रोज तेच शिकवत होते. पण एका पहाटे तिला बाथरूमची घाई झाली आणि मी काखेत हात घालून तिला उठवलं. पुढचे चार महिने ती त्या कुशीवर झोपू शकली नाही. म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते आहे.

आता तुमच्या कंबरेबद्दल. रुग्णांना हाताळताना एका माणसाने किती भार घ्यावा, याचा हिशेब अमेरिकेतले संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडला. परिस्थिती अगदी अनुकूल असली, तरी ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, ही त्यांनी सांगितलेली मर्यादा. तुम्ही ७४ किलो उचलताय, तेही दिवसातून पाच-सहा वेळा. तुमची ताकद कमी पडते असं मनात आणू नका. हे काम एका माणसाच्या कंबरेचं नव्हेच.

तुमच्या वडिलांना डावा पाय आहे, डावा हात आहे आणि बसता येतं. म्हणजे त्यांना उचलायची गरजच नाही. त्यांनी उठायचं, तुम्ही तोल सांभाळायचा. कमरेचा पट्टा, ज्याला ट्रान्सफर बेल्ट म्हणतात, तो यासाठीच असतो. पट्ट्याला धरून माणूस वर खेचला, तर पट्टाच वर सरकतो आणि बरगड्यांत रुततो. पट्टा कपड्यांवरून, कमरेच्या हाडांच्या जरा वर बांधा. आत दोन बोटं जातील इतका सैल ठेवा. पकडताना तळवा वर करून खालून पकडा. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, पोटावर पिशवी किंवा नळी असेल, बरगडी मोडलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधू नका.

व्हीलचेअर त्यांच्या डाव्या हाताला, पलंगाला थोडी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा. पावलं ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवा किंवा काढूनच ठेवा, नाहीतर पाय त्यातच अडकतो. वडिलांना पलंगाच्या काठाशी सरकू द्या. पाठीवरून एकदम उठवून बसवलं असेल, तर मिनिट-दोन मिनिटं पाय खाली सोडून तसेच बसू द्या. रक्तदाब उतरून भोवळ येते आणि माणूस उभा राहता राहताच कोसळतो. मग पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, डावा हात गादीवर टेकवायचा आणि पुढे वाकायचं. चांगलं वाकायचं, डोकं गुडघ्यांच्याही पुढे गेलं पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. पडेल या भीतीने आपण त्यांना छातीशी धरून सरळ ठेवतो, आणि सरळ बसलेल्या माणसाला उठताच येत नाही. तुम्हीसुद्धा खुर्चीत ताठ बसा आणि जराही न वाकता उठून बघा.

तुम्ही त्यांच्या समोर, जरा त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहा आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार द्या, म्हणजे तो मुडपणार नाही. त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. कुल्ले गादीवरून सुटले की डाव्या पायावर वळायचं आणि बसायचं. पूर्ण ताठ उभं राहायची गरज नाही.

परत पलंगावर येताना पलंगसुद्धा त्यांच्या डाव्या हाताला हवा. जाताना खुर्ची लावली होती तशीच परत आणून लावली, तर पलंग उजवीकडे येतो. म्हणून येताना खुर्चीचं तोंड उलट करा. "जाताना छान जातात, येताना त्रास देतात" असं मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. बिचारे त्रास देत नसतात, आपण त्यांना दुबळ्या बाजूला वळायला लावलेलं असतं. (दुबळ्या बाजूने वळायचा सरावही पुढे करायचा असतो, पण तो थेरपिस्ट समोर असताना.)

एक गोष्ट मोजा. वडील काठावर बसलेले असताना त्यांचे कुल्ले गुडघ्यांपेक्षा जरा वर आहेत का? मोजायचं ते ते बसलेले असताना, कारण मऊ गादी चांगलीच दबते. कुल्ले खाली असतील, तर पलंगाच्या चारही पायांखाली खोबण असलेले भक्कम लाकडी ठोकळे लावून घ्या. खोबण नसली तर पाय घसरतो. मात्र दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. पट्ट्यापेक्षा या ठोकळ्यांनी तुमचं जास्त काम होईल, असं मला वाटतं. आणि गुळगुळीत मोजे नकोत. अनवाणी किंवा रबरी तळव्याची चप्पल.

मला मणक्याची दुखापत आहे, कमरेखाली हालचाल आणि संवेदना नाही. ट्रान्सफर बोर्डवरून (पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टेकवायच्या गुळगुळीत फळीवरून) मी स्वतःच पलंगावर आणि खुर्चीत जातो. नऊ वर्षं जमलं. अलीकडे दोन्ही खांदे दुखतात आणि बायकोला माकडहाडाशी लाल डाग दिसला. बोर्ड बदलू का? — व्हीलचेअर वापरणारा एक वाचक

आधी तो डाग. तुम्हाला तिथे कळत नाही, म्हणून डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागेल. भार काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, किंवा बोट दाबल्यावर तिथली कातडी फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात धरा. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बोर्डवरून सरकणं थांबवा. साध्या लाल डागाखाली किती खोलवर इजा आहे, हे वरून दिसत नाही. ते दिवस दुसऱ्याच्या मदतीने किंवा होइस्टने (माणसाला झोळीत बसवून उचलणाऱ्या यंत्राने) काढा. नऊ वर्षं स्वतः केल्यावर हे जड जाईल, मला कल्पना आहे.

आता बोर्ड. फळी कितीही गुळगुळीत असली, तरी तुम्ही तिच्यावरून एका दमात फरफटत जात असाल, तर कातडी मागे राहते आणि हाड पुढे जातं. या ओढाताणीनेच आतून इजा होते. तीन-चार छोट्या उचलांत जा: दोन्ही हात टेकवून अंग किंचित उचलायचं, थोडं सरकायचं, टेकायचं, परत उचलायचं. उघड्या अंगाने फळीवर कधीच नको, कातडी चिकटते. मधे उशीचा अभ्रा किंवा पातळ टॉवेल घाला. जाड शिवणीची, मागे खिसे असलेली पँट घालत असाल, तर आधी ती बंद करा. खिशाच्या रिबिटीचा ठसा माकडहाडाजवळ उमटलेला मी पाहिला आहे.

खांद्यांसाठी डोकं वापरा, अगदी शब्दशः. डोकं ज्या दिशेला खाली जातं, त्याच्या उलट दिशेला कुल्ले वर येतात. पलंग उजवीकडे असेल, तर डोकं आणि छाती डावीकडे पुढे झुकवा. कुल्ले आपोआप हलके होऊन उजवीकडे फिरतील. नऊ वर्षांपूर्वी हे तुम्हाला नक्की शिकवलं असणार. पण हातांत ताकद आली की माणूस ताठ बसूनच नुसत्या दंडांच्या जोरावर जायला लागतो. दंड ते करतात, किंमत खांदे मोजतात. पुढचा हात अंगापासून फार लांब टेकवू नका. तळवा सपाट ठेवून मनगट पूर्ण मागे वाकवण्यापेक्षा मूठ किंवा काठाची पकड बरी. मात्र फळीच्या कडेखाली बोटं कधीच जाता कामा नयेत. रोज एकाच बाजूने जात असाल, तर बाजू आलटूनपालटून घ्या.

उंची पुन्हा तपासा. नऊ वर्षांत गादी बदलली असेल, खुर्चीतली उशी बदलली असेल. ४-५ सेंटिमीटरचा चढ फळीवर फार जाणवतो. शक्य असेल तिथे किंचित उतारावरून जा. मग परत येताना चढ लागणारच. तुमचा पलंग वर-खाली होणारा असेल तरच त्यातून सुटका. तसा पलंग घेण्याचा विचार तुमच्याकडे चालू असेल, तर बोर्डवर पैसे घालण्याआधी तिकडे घाला.

आणखी एक, अनेकांना माहीत नसलेलं. खुर्ची लावताना आधी जरा पुढे न्या आणि मग सरळ मागे घ्या. पुढची छोटी चाकं त्यामुळे पुढच्या बाजूला वळतात, खुर्चीचा पाया लांबतो आणि तुम्ही पुढे झुकल्यावर ती कलंडायचा धोका कमी होतो. मग ब्रेक लावा. बोर्ड मांडीखाली चांगला आत गेला पाहिजे, दुसरं टोक पलंगावर भक्कम टेकलं पाहिजे, आणि मधे मागचं मोठं चाक येता कामा नये.

एवढं करूनही खांदे दुखत राहिले, तर सरकत्या चकतीचा बोर्ड बघा. त्यात आपण चकतीवर बसतो आणि चकतीच फळीवरून पुढे जाते, कातडीला घासणं जवळजवळ उरत नाही. तो जड आणि मोठा असतो, सगळ्या खुर्च्यांना बसत नाही. आधी कुणाचा तरी वापरून पाहा.

माझ्या यजमानांना पार्किन्सन आहे. उभे राहतात, पण वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. भावाने पायाखाली ठेवायची फिरती चकती आणून दिली आहे. वापरू का?

नको. भावाने मायेने आणली आहे, पण ती ठेवून द्या. ही चकती ज्याला स्थिर उभं राहता येतं आणि फक्त पाऊल उचलता येत नाही, त्याच्यासाठी आहे. पार्किन्सनमध्ये तोल मागच्या मागे जातो. पायाखालची जमीन फिरायला लागली, तर सावरायला वेळच मिळणार नाही.

त्यांच्यासाठी हात टेकवता येतील अशी, बसायला कडक आणि उंच खुर्ची घ्या. उठताना पुढे-मागे दोन-तीनदा झुलू द्या आणि ठेक्यात मोजा. जिथे हमखास पाय अडतो, तिथे जमिनीवर ठळक रंगाच्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. आणि जागेवर गर्रकन वळवू नका, मोठा वळसा घेऊ द्या. रात्री कूस बदलता येत नसेल, तर कंबरेखाली येईल एवढाच साटिनचा पट्टा चादरीवर शिवून घ्या. पायांशी साधी चादरच हवी, टाचा रोवायला.

आईला आता पायावर अजिबात भार घेता येत नाही. आम्ही दोघं भाऊ तिला चादरीत धरून उचलतो. होइस्ट आणायचं म्हटलं की ती रडते, "मला सामानासारखं टांगू नका" म्हणते. काय करावं? — दोन भाऊ

तुमची आई घाबरली आहे. तिच्या भीतीला कारण आहे. विद्यार्थी असताना मला पहिल्यांदा झोळीत बसवून वर उचललं, तेव्हा पाय सुटले त्या क्षणी मी ओरडले होते. खाली आठ जण उभे होते, ते मला पडू देणार नाहीत हे ठाऊक होतं, तरीही.

पण चादर थांबवावीच लागेल. चादरीत मान लोंबते, एका भावाचा हात जरा आधी सुटला तर सगळा भार तिच्या एका बाजूवर येतो. ज्याला पायावर काहीच भार घेता येत नाही, त्याच्यासाठी होइस्टच.

आधी तुमच्यापैकी एकाने झोळीत बसायचं आणि आईने ते पाहायचं. रिमोट तिच्या हातात द्या, तिला मुलाला वर-खाली करू द्या. एका घरात एका आजींनी थोरल्या मुलाला तीनदा वर नेलं, तीनदा खाली आणलं, आणि मग म्हणाल्या, "आता मला बसवा." सगळ्या आया अशा तयार होतील असं वचन मी देत नाही. पण मोटर कशी आवाज करते, थांबवलं की कसं थांबतं, हे हाताने कळल्यावर भीतीचं स्वरूप बदलतं.

खरेदीआधी पलंगाखाली बघा. होइस्टचे पाय पलंगाखाली जावे लागतात. खाली खण असलेला बंद पलंग असेल, तर ते जाणारच नाहीत. मोकळी जागा साधारण १२ ते १५ सेंटिमीटर तरी लागते, नेमका आकडा त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बघा. खुर्चीभोवती पाय फाकवायला जागा आहे का, दारात उंबरा आहे का, जाड गालिचा आहे का, हेही पाहा. या खोलीतून त्या खोलीत न्यायला होइस्ट वापरायचं नसतं; जवळच्या जवळ एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर, इतकंच.

झोळी ही निम्मी खरेदी आहे आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. मोठी झाली तर माणूस तिच्यातून घसरू शकतो, लहान झाली तर जांघेत काचते. आईची मान स्थिर राहत नसेल, तर डोक्याला आधार असलेलीच घ्या. संडाससाठी वेगळी, मागून मोकळी झोळी मिळते. ती सोयीची आहे, पण कमरेवरचं अंग सांभाळता येत नसलेल्या माणसाला तिच्यात बसवू नये. यंत्र, आडवी दांडी आणि झोळी, प्रत्येकावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यातली सर्वांत कमी ती खरी. दर वेळी शिवण आणि फासे (झोळी दांडीला अडकवायचे बंद) बघा. जरा उसवलेलं दिसलं की ती झोळी फेकून द्या, घरी शिवू नका.

उचलताना दोघंही हजर राहा. डावे-उजवे फासे एकाच रंगाचे लावले आहेत ना, ते बोलून तपासा. गादीपासून थोडंसंच वर घेऊन थांबा, सगळे फासे ताणले गेलेत ना बघा, आईचा चेहरा बघा, मग पुढे. उचलताना होइस्टच्या चाकांचे ब्रेक बहुतेक यंत्रांत मोकळे ठेवायचे असतात, म्हणजे यंत्र स्वतः भाराखाली येऊन स्थिर होतं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काय आहे ते वाचा. व्हीलचेअरचे ब्रेक मात्र लावलेलेच हवेत. वीज गेली किंवा बॅटरी संपली तर हाताने खाली उतरवायची कळ कुठे आहे, हे पहिल्या दिवशी दोघांनी रिकाम्या झोळीवर करून पाहा.

आणि अंगावर चादर किंवा शाल घाला. झोळीत कपडे वर सरकतात. ती रडते त्यामागे कदाचित हेही असेल, मुलांसमोर तिला ते बोलता येत नसेल.

बाथरूममध्ये टॉवेलची दांडी धरून उठते. चालेल ना? की रबरी चोषकाचं हँडल लावू?

दोन्हीवर भार टाकू नका. टॉवेलची दांडी टॉवेलच्या वजनाची आहे, आणि चोषक भिंतीच्या ओलसर फरशीवरून कधी सुटेल याचा भरवसा नाही. भिंतीत स्क्रूने पक्कं बसवलेलं ग्रॅब बार हवं. भिंत पोकळ नाही ना, हे बसवणाऱ्याला आधी ठोकून बघू द्या. कमोडची बैठक खाली वाटत असेल, तर ५, १० किंवा १५ सेंटिमीटर उंचीच्या बैठका मिळतात. ती क्लॅम्पने घट्ट बसणारी घ्या, नुसती वर ठेवायची नको.

शेवटचं पत्र थरथरत्या अक्षरातलं आहे, जसंच्या तसं देते.

मी ८१ वर्षांची. मुलगा, सून आणि नातू मला उचलण्याबद्दल माझ्यासमोर चर्चा करतात. "हिला इकडून धर, तिकडून वळव." एकदम "उचल" म्हणतात आणि मी हवेत. मला विचारत नाहीत. मी काय करू?

आजी, उद्यापासून मोजायचं तुम्ही. "एक, दोन, तीन" तुमच्या तोंडून आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे पत्र वाचून दाखवून सांगा. यात मानाचा प्रश्न आहेच. शिवाय "तीन" तुम्ही म्हणालात की तुमचं शरीर तयार असतं, पाय जमिनीला रेटतात, हात दांडीवर घट्ट होतो. अचानक उचललेलं अंग आखडतं आणि दुप्पट जड लागतं. मुलाच्या पाठीसाठीही तेच बरं.

सगळं तुमच्याच्याने होणार नाही. पण पुढे वाकणं होतं का? एक पाय मागे घेणं होतं का? जे होतं ते त्यांना करून दाखवा, आणि तेवढं तुम्हालाच करू द्यायचं असं ठरवा. तुम्ही कशावरून कशावर जाता ते पत्रात नाही. पलंगाची उंची, खुर्चीच्या बैठकीची उंची आणि तुमच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर नातवाला टेपने मोजायला सांगा आणि ते तीन आकडे मला पाठवा.